थोरलीचे झाड

गोजराबाईचा पाट लागला त्या संध्याकाळी तिच्या गळ्यात आधी मंगळसूत्र पडले आणि लगेच त्यावर काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक. मंगळसूत्र पुंजारामने बांधले. टाक त्याच्या आईने, अक्काबाईने. टाकावर नखाएवढी एक बाई उठवलेली होती. तिला डोळे होते, तोंड नव्हते. सोनाराचा ठोका तिथे पुसट बसला होता.

"ही थोरली," टाकाला हळदकुंकू लावीत अक्काबाई म्हणाली. "तू धाकली. नवं लुगडं अंगाला लावायच्या आधी हिला दाखवायचं. सणावाराला पयला मान हिचा. घरात काय बी करायचं ते हिला इचारून."

"आन् ती बोलली नाय तर?"

जमलेल्या बायकांत कुणीतरी हसले. गोजराबाईने थट्टा केली नव्हती. तोंड नसलेल्या बाईला विचारायचे कसे, एवढेच तिला कळत नव्हते.

"बोलती," अक्काबाई म्हणाली. "कशी बोलती ते कळंल तुला इथं नांदल्यावर."

हे १९९३ साल. पंचवटीपासून सायकलने सहज जाता येईल अशा अंतरावर, मखमलाबादच्या शिवारात, पुंजारामची वस्ती होती. थोरली म्हणजे त्याची पहिली बायको कुसाबाई. ती आदल्या वर्षी बाळंतपणात गेली, मूलही गेले. मागे चार-पाच वर्षांची सुवर्णा राहिली. दुसरेपण गोजराबाईचेही होते. तिचा पहिला नवरा वाल्मीक एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली काम करी. संसार नीट मांडून होण्याआधीच तो काविळीने गेला. या दोन मरणांना मात्र समाजाने सारखी जागा दिलेली नव्हती. कुसाबाई चांदीची होऊन दुसरीच्या गळ्यात राहिली. तिच्या नावाने भाद्रपदातल्या अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालण्याचा नेम राहिला. वाल्मीकचे नाव या घरात घेण्याची सोय नव्हती. पुरुषाची गेलेली बायको मानाची ठरते आणि बाईचा गेलेला नवरा अडचणीचा ठरतो, ही व्यवस्था ज्यांनी लावली त्यांना मेलेल्यांचे काही पडलेले नव्हते; त्यांना जिवंतांना जागच्या जागी बसवायचे होते. गोजराबाईला हे असे मांडता आले नसते. तिला एवढेच जाणवे, की वाल्मीकचा चेहरा आठवू गेले की हात आपसूक टाकाकडे जातो, जणू कुणी ऐकते आहे.

अंगणाच्या कडेला, मोरीचे पाणी मुरते तिथे, थोरलीचे झाड होते. बारीक, दाट काट्यांचा, फिकट पानांचा तो गुलाब कुसाबाईने स्वतः लावलेला. लग्नात, बारशात, कुठेही चार बायका जमल्या की त्या झाडाची गोष्ट निघे. चैत्र लागला की ते असे फुले, की पान दिसत नसे. वाटेने जाणारा माणूस सायकल थांबवून वास घेई. चैत्र सरला की झाड मुके, ते पुढच्या चैत्रापर्यंत. पण तो एक महिना असा, की उरलेल्या वर्षाची तक्रार कुणी करू नये.

या घरात कुसाबाईखेरीज गुलाबातले कुणालाच काही कळत नव्हते. पुंजाराम मेथी-कोथिंबीर आणि वांग्यांचा माणूस; अक्काबाईचे राज्य चुलीपुरते. गुलाब कळत होता तो गोजराबाईला. विधवा झाल्यावर तिने नाशिकरोडच्या बाजूला एका रोपवाटिकेत डोळे भरण्याचे काम केले होते. जंगली गुलाबाच्या खोडाची साल चिरायची, हव्या त्या जातीचा डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि वर पट्टी बांधायची. परक्या मुळावर डोळा जगला की जंगली शेंडा छाटून टाकायचा. तिने बसवलेला डोळा सहसा वाया जात नसे. तिच्याच भरवशावर पुंजारामने वांग्यांचे रान मोडून गुलाब लावला, आणि काही वर्षांतच त्याच्या टोपल्या पंचवटीच्या फुलबाजारात ओळखू येऊ लागल्या.

सगळ्या जातींचे चालणे तिला पाठ होते. हारात जाणारा गावठी गुलाबी वर्षभर थोडाथोडा देत राही. उन्हाळ्यात फूल बारीक पडे, पण टोपली रिकामी जात नसे. लाल ग्लॅडिएटर बहराने चाले: छाटला की दीडेक महिना नुसती तांबूस पालवी, मग एकदम साऱ्या दांड्यांवर कळ्या, मग पुन्हा शांतता. बांधावरची घोसाने फुलणारी जात थांबायचे नाव घेत नसे; एका घोसाच्या पाकळ्या गळत असताना दुसरा उमलायला लागे. पण तिला वास नव्हता. विहिरीवर चढवलेला वेल थंडी सरताना एकदा भरभरून येई आणि मग आठवण झाल्यासारखी अधूनमधून एखादी कळी काढी. या साऱ्यांत कितीही फरक असला तरी एक गोष्ट समान होती. फूल नव्या फुटीवर येई, आणि कापल्याशिवाय नवी फूट जोर धरत नसे.

गोजराबाईच्या लेखी हा केवळ गुलाबाचा नियम नव्हता. तिला स्वतःला एकदा जमिनीलगत कापण्यात आले होते, आणि ती या परक्या घरात पुन्हा फुटली होती. ज्या नियमाने आपण तगलो, त्या नियमाबाहेरही कुणी जगत असेल, अशी शंका यायला माणसाला थोडी निश्चिंती लागते. ती तिच्या वाट्याला आलेली नव्हती.

दसऱ्याला कात्रीची पूजा झाली, की पाऊस सरलेल्या रानात छाटणी सुरू व्हायची. पहिल्याच दसऱ्याला गोजराबाईने ठरवले, की पहिली कात्री थोरलीच्या झाडाला लागेल. पहिला मान हिचा, असे सांगितलेच होते. तिने झाडाला हळदकुंकू वाहिले, ओटीचे तांदूळ बुडाशी ठेवले आणि मग प्रत्येक फांदी वीत-दीड वीत राखून, डोळ्याच्या वर, तिरका काप देत छाटली. एवढ्या मन लावून तिने दुसरे कुठलेच झाड छाटले नाही.

झाड भरभरून फुटले. फाल्गुनात त्याला हिरवीगार, पुरुषभर उंच फूट होती. चैत्रात त्यावर एक कळी आली नाही.

"कळलं का आता, कशी बोलती ते?" अक्काबाई म्हणाली.

त्याच चैत्रात मेहरुन्निसा टोपली घेऊन आली. जुन्या नाशकातल्या एका बोळात ती गुलकंद करून विके. थोरलीच्या झाडाची मूळ फांदी तिचीच. मालेगावच्या माहेराहून तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, आणि बोळात माती नाही म्हणून कुसाबाईला दिली होती. दर चैत्रात येऊन ती फुले नेई, आणि गुलकंदाची पहिली बरणी कुसाबाईला आणून देई. झाडासमोर येताच तिने टोपली खाली ठेवली.

"बाई बाई, ये क्या किया? इसको कैंची लावली का?"

"दसऱ्याला छाटलं. सगळीच छाटते मी."

"इसको नको लावू, बेटी. कुसा कधीच नव्हती लावत."

या वाक्याचे दोन भाग होते. पहिल्यात झाडाविषयीचे ज्ञान होते, दुसऱ्यात कुसाबाईचे नाव. गोजराबाईच्या कानांनी दुसरा भाग धरला. कुसा भाकरी अशी नव्हती थापत. कुसा पोरीच्या वेणीला अशी गाठ नव्हती मारत. कुसा दारात उभी राहून नव्हती बोलत. वर्षभर या एकाच साच्यातली वाक्ये तिच्यावर पडत आली होती, आणि हे त्यांतलेच आणखी एक म्हणून तिने ते झटकून टाकले.

"कुसाबाईला रान नव्हतं करायचं, मावशी," ती म्हणाली. "मला करायचंय."

मेहरुन्निसाने तिच्याकडे पाहिले, मग टाकाकडे पाहिले, आणि रिकामी टोपली काखेला लावून ती गेली. पुढचे एक-दोन चैत्र ती येऊन दुरूनच बघून गेली. मग तिचे येणे थांबले.

दर दसऱ्याला गोजराबाई झाड आदल्या वर्षीपेक्षा खाली घेऊ लागली. फूल येत नाही म्हणजे काप उथळ पडतो, असा तिचा निष्कर्ष होता, आणि तिला माहीत असलेल्या प्रत्येक गुलाबाच्या बाबतीत तो खरा होता. खत घातले, बुडातली माती बदलली. अविधवा नवमीला सवाष्णीच्या ताटाभोवती ती आपल्या रानातले सर्वांत मोठे लाल गुलाब मांडी, आणि मांडताना तिला वाटे, टाकातली बाई आपले झाड सोडून दुसऱ्याची फुले नाकाला लावणार नाही.

मग तिला वास येऊ लागला. चैत्रातल्या भर दुपारी अंगण झाडताना, कळी नसलेल्या त्या झाडापासून एक गोड, जड वास तिच्यापर्यंत येई. तिने ते फूल कधी पाहिले नव्हते, वासही घेतला नव्हता. तरी हा तोच, याविषयी तिला शंका राहिली नाही. खराटा टाकून ती झाडाजवळ जाई, पानांत तोंड घाली. तिथे पानांचाच वास असे. एकदा तिने पुंजारामला विचारले, "तुम्हाला कसला वास येतो का?" तो म्हणाला, "शेणाचा येतो." आणि मग, ती हसली नाही हे पाहून, नजर दुसरीकडे वळवून बाहेर गेला. पुंजाराम वाईट माणूस नव्हता. ज्या घरात दोन बायकांचा मुकाबला चालू आहे तिथे बाहेर जाता येणे ही पुरुषाची सर्वांत मोठी सवलत असते, आणि ती त्याने आयुष्यभर वापरली.

तिला स्वतःचे मूल झाले नाही. यालाही थोरलीचा नकार म्हटले गेले. सुवर्णाला तिनेच वाढवले: तापात उशाशी बसली, शाळेची फी भरायला गेली, पंचवटीच्या कॉलेजात घालायला पुंजारामशी भांडली. सुवर्णा तिला मावशी म्हणे. त्या हाकेत राग नव्हता, पण एक उंबरठा होता, आणि तो ओलांडायचा हक्क कुठल्या सेवेने मिळतो हे गोजराबाईला उमगले नाही. सुवर्णा मोठी होत गेली तशी ती त्या झाडाकडे बघत मोठी झाली. लहानपणीचे तिला फारसे काही आठवत नव्हते. आईच्या ओच्यात फुले होती आणि आपण त्यांत तोंड खुपसले होते, एवढेच. ही एक आठवण खरी आहे की नाही, हे ताडून पाहायला तिला ते झाड एकदा फुललेले हवे होते.

२००६ च्या दसऱ्याला सुवर्णाचे लग्न ओझरच्या मुलाशी ठरलेले होते; वैशाखातली तिथी धरली होती. गोजराबाई पूजा झालेली कात्री घेऊन अंगणात आली, तर सुवर्णा झाडासमोर उभी.

"या वर्षी हात नाही लावायचा."

"अगं, माजंल ते. वाळकी फांदी राहिली तर कीड पडती."

"पडू दे. इतकी वर्षं कापून काय मिळालं?"

"पूजा करून कापते मी, सुवर्णा. उगं नाय कापत."

"बकऱ्याचीसुद्धा आधी पूजाच करतात, मावशी."

ओट्यावर गहू निवडणारी अक्काबाई सूप थांबवून म्हणाली, "बोल, पोरी. एवढे दिस कुणी तरी बोलायलाच पायजे व्हतं."

पुंजाराम दारात होता. "लग्नाची पोर हाय, बोलती काय बी," असे तो कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाला आणि पायातली वहाण काढून पुन्हा घालू लागला.

"काहीबाही नाही बोलत," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "हे झाड न कापता फुललं, तर माझ्या कन्यादानाला मामा-मामी बसतील. आईचं झाड कोण मारत होतं, ते मग सगळ्यांना दिसेल."

"आन् नाय फुललं तर?" गोजराबाईने विचारले.

"तर आईच नको म्हणते आहे. मग तर तू बसूच शकत नाहीस."

गोजराबाईच्या हातातली कात्री उघडीच राहिली. फुलले तर दोष तिच्या हाताचा, न फुलले तर तिच्या पायगुणाचा. दोन्ही वाटांच्या टोकाशी कन्यादानाचा पाट तिच्याविना मांडलेला होता. कन्यादानाला पुंजारामशेजारी बसणे ही तिला मानाची गोष्ट वाटत नव्हती. मान तिने फार दिवसांपूर्वी सोडून दिला होता. पण जगासमोर एकदा तिच्या हातून सुवर्णाच्या हातावर पाणी पडले असते, तर ती त्या मुलीची आई होती हे निदान पाण्याला तरी माहीत झाले असते. कात्रीचा खटका लावून ती रानात निघून गेली. त्या वर्षी छाटणी ग्लॅडिएटरपासून सुरू झाली.

माघात एका सकाळी सगळे लग्नाच्या कापडासाठी नाशकात गेले. वस्तीवर गोजराबाई एकटी होती. ती कात्री घेऊन झाडाजवळ आली. कापायचे असे तिने मनाशी म्हटले नव्हते. न कापायचे असेही म्हटले नव्हते. एक विचार मात्र रात्रंदिवस तिच्याबरोबर होता. न फुलले तर दोष मेलेल्या बाईच्या मर्जीचा, आणि त्या नकाराची तिला सवय होती. फुलले तर दोष तिचा एकटीचा. शेंडे थोडे चिमटले असते तर कुणाला कळणार होते?

लांब, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या तिने इतक्या वर्षांत प्रथमच पाहिल्या. एक फांदी तिने धरली, आणि सवयीने तिचा अंगठा डोळे चाचपत गेला. डोळे वाचणे हा तिचा धंदा. कुठला डोळा पानाचा, कुठला फुलाचा, हे ती बोटाने सांगू शके. त्या जुन्या, करड्या, गेल्या पावसात वाढलेल्या लाकडावर, पेरापेराला, फुगीर गोल डोळे होते. बुडातून निघालेल्या कोवळ्या फुटीवर एकही नव्हता. तिने दुसरी फांदी पाहिली, तिसरी पाहिली. मग ती रानात जाऊन ग्लॅडिएटरची ओळ पाहून आली. तिथे उलटे होते: जे काही होते ते नव्या फुटीवर. ती परत आली आणि झाडासमोर मातीत बसली.

हे झाड आपले फूल आदल्या वर्षीच्या लाकडावर ठेवत होते. पावसाळाभर ते फांदी वाढवी, आणि दसऱ्याला हळदकुंकू वाहून ती ते लाकूड कापून टाकी. झाड पुन्हा वाढवी. ती पुन्हा कापी. तिला नकार कुणी दिला नव्हता. कुणी रुसले नव्हते. इतकी वर्षे ज्या आवाजाला ती कान देऊन होती तो तिथे नव्हताच.

सुटका झाल्यासारखे वाटायला हवे होते. त्याऐवजी तिला मेहरुन्निसाचे वाक्य आठवले, या वेळी पूर्ण: इसको नको लावू, बेटी. ते तिला पहिल्याच वर्षी सांगितलेले होते. मेलेल्या बाईचा राग एक वेळ सोसता येतो, कारण तो आपल्या हातात नसतो. हे तिच्या हातात होते, अगदी शब्दशः.

कात्री अजून जवळ होती आणि वस्तीवर कुणी नव्हते. ती उठली, कात्री खुंटीला अडकवून आली, आणि मोरीचे पाणी झाडाच्या बुडाकडे वळवले.

चैत्रात झाड फुलले. गुलाबी, भरगच्च, चुरगळलेल्या रेशमासारखी फुले फांदीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत आली आणि फांद्या जमिनीला टेकल्या. लोक बघायला आले. बायका सुवर्णाच्या गालावरून बोटे मोडीत म्हणाल्या, आई आली गं लग्नाला. आणि मग त्या गोजराबाईकडे बघून गप्प होत. गर्दी सरल्यावर गोजराबाई झाडाजवळ गेली आणि तिने एका फुलात नाक घातले. वास सुंदर होता, हलका, किंचित मधासारखा. पण इतक्या चैत्रांच्या दुपारी जो वास तिच्यापर्यंत येत होता, तो हा नव्हता. मग तो कशाचा होता, हे तिने कुणाला विचारले नाही.

फुले वाया जाऊ नयेत म्हणून तिनेच पुंजारामला जुन्या नाशकात पाठवून मेहरुन्निसाला निरोप दिला. मेहरुन्निसा आली, म्हातारी झाली होती, रिक्षातून उतरतानाच तिने पदराने डोळे पुसले. सुवर्णा तिच्याबरोबर फुले खुडू लागली.

"हळू, बेटी. मुंडी धरून. अशी. तुझी आई अशीच खुडायची."

"इतकी वर्षं का फुललं नाही हे?"

"क्यों म्हणजे? बाकीचे गुलाब घरातले लोक, सालभर ये-जा करतात. ये मेहमान है. सालातून एकदा येतो, आणि कुठल्या दारातून येणार ते आदल्या सालीच ठरवून जातो. तुम्ही दरसाल ते दारच पाडलं." ती हसली, तिच्या मनात काही नव्हते. "मी तर हिला पहिल्याच साली सांगितलं होतं."

सुवर्णाचे हात थांबले. "कुणाला?"

मेहरुन्निसाला आपण काय बोललो ते कळले, पण आता उशीर झाला होता. गोजराबाई ओट्यापाशी उभी होती.

"तुला माहीत होतं?" सुवर्णाने विचारले.

"ऐकलं व्हतं," गोजराबाई म्हणाली. "कळलं नव्हतं."

"काय सांगितलं होतं हिने तुला?"

"कैंची लावू नको म्हणाली. कुसा लावत नव्हती म्हणाली."

सुवर्णा रागावेल, ओरडेल, अशी मेहरुन्निसाची अपेक्षा असावी. म्हातारी पुढे होऊन मुलीचा दंड धरू गेली. पण सुवर्णाने जे विचारले ते अगदी हळू विचारले.

"आई लावत नव्हती, म्हणूनच लावलीस ना?"

नाही म्हणणे सोपे होते, आणि ते खोटेही ठरले नसते. कापताना तिच्या मनात मान होता, भीती होती, झाड फुलावे ही इच्छा होती. ते सगळे खरे होते. पण माणसाच्या हाताला जे ठाऊक असते ते सगळे माणसाला सांगण्याची हातावर सक्ती नसते. गोजराबाईने हात पदराला पुसले.

"मामा-मामींना सांगावा धाड," ती शेवटी म्हणाली. "त्यांनाच बसू दे."

वैशाखात लग्न झाले. कन्यादानाला मामा-मामी बसले. गोजराबाईने वरमाला ओवल्या, आपल्या रानातल्या गुलाबांच्या. चैती फुले तोवर सरली होती. पाणी सोडले गेले तेव्हा ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या मुठीत टाक होता. थोरलीला मुठीतून दिसत नव्हते, म्हणून तिने टाक वर उचलून धरला. ज्या बाया तिच्या शेजारी होत्या त्यांना वाटले, ती डोळे पुसते आहे.

ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, सुवर्णा पहिल्या माहेरपणाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खुंटीवरची कात्री काढली आणि गोजराबाईपुढे धरली.

"मेहरुन मावशी म्हणाली, फुलं होऊन गेल्यावर वाळलेलं तेवढं काढायचं असतं. पावसाच्या आधी."

"काढ की मग."

"मला नाही येत. तू काढ. मी बघते."

ती शिकण्यासाठी बघणार होती की राखणीसाठी, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. कदाचित तिलाही कळत नसावे. अक्काबाई ओट्यावरून ओरडली, "पुन्हा कापायला निघाली का ती?" सुवर्णा मान न वळवता म्हणाली, "कापू दे, आजी. मी आहे इथं."

गोजराबाईने कात्री घेतली. मग ती खाली ठेवली आणि टाक दोन बोटांत धरला.

"आधी हिला इचारते," ती म्हणाली.

नवी लुगडी तिने इतकी वर्षे दाखवली होती, हळदकुंकू वाहिले होते; विचारले कधीच नव्हते. ती डोळे मिटून उभी राहिली. सुवर्णाही थांबली. तोंड नसलेली बाई काही बोलली नाही. कालव्याच्या बाजूने कुणाचा तरी पंप सुरू झाला.

तिने एक फांदी धरली. करडी, सुरकुतलेली, पान नसलेली.

"ही वाळलीय, मावशी," सुवर्णा म्हणाली.

"थांब. बघू दे."

डोळ्यांवर पट्टी बांधली तरी मेली फांदी आणि जिती फांदी सांगणारी ती बाई, पण आज तिने फांदी वाकवून पाहिली, मग नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवे होते. तिने ती फांदी सोडून दिली आणि हात पुढच्या फांदीला लावला.